दिवा घरातल्यांसाठी

भिलाईत रविवार कधीच पूर्ण नसतो. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षे पेटती ठेवावी लागते. थंड झाली तर आतला माल गोठतो आणि भट्टीच निकामी होण्याची वेळ येते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली भट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावातली माणसे आपले दिवस पाळ्यांनी मोजत आली आहेत. माझे वडील १९६१ साली अहमदनगरहून इथे आले आणि भट्टीवर लागले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी जितके रविवार चर्चमध्ये घालवले, त्याहून अधिक बहुधा कारखान्यात घालवले असतील. एखादा माणूस उपासनेला दिसला नाही तर आमच्या मंडळीत पहिला प्रश्न असे, "त्याची पाळी कोणती?" श्रद्धेविषयीची शंका त्यानंतर, आणि तीसुद्धा क्वचित.

हे आधी सांगते आहे, कारण चर्चने समाजमाध्यमांचे काय करावे हा वाद जिथे जिथे ऐकते तिथे त्याची सुरुवात एका भरलेल्या चर्चच्या आठवणीने होते. पूर्वी बाके भरलेली असत, आता लोक घरी बसून फोनवर उपदेश ऐकतात, अशी ती तक्रार. आमची बाके पूर्वीही अर्धीच भरत. दहा ते सहाची रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी साडेआठला डोळे मिटून बसे, तो प्रार्थनेसाठी की झोपेने, हे देवालाच ठाऊक. त्यामुळे २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पाळकसाहेबांनी गीतपुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवून उपासना सुरू केली, तेव्हा मला ते संकटातले तात्पुरते ठिगळ वाटले नाही. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पोप फ्रान्सिस रोममध्ये पावसात, रिकाम्या चौकासमोर उभे राहून जगासाठी प्रार्थना करत होते, आणि १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही सगळ्यांनी हातभर पडद्यावर साजरा केला. टाळेबंदी उठली, तरी फोन त्या चळतीवरून उतरला नाही. क्रेन चालवणारे आमचे एक बंधू रविवारचा उपदेश मंगळवारी दुपारी जेवताना ऐकतात. पूर्वी त्यांना तो कोणी ऐकवत नव्हते.

माध्यमाची भीती नवी नाही. १९२३ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजपुत्राचे लग्न होते आणि ते रेडिओवरून ऐकवण्याची परवानगी ॲबेने नाकारली. लोक दारूच्या गुत्त्यात डोक्यावरच्या टोप्याही न काढता ते ऐकतील, अशी धर्मगुरूंना धास्ती होती म्हणतात. मराठी ख्रिस्ती समाजाला तर असली भीती शोभतच नाही. 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला सुरू झाला, तेव्हा मराठी नियतकालिके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. छापखाना हे आमच्या पूर्वजांचे समाजमाध्यमच होते. त्यांनी ते शिकवण्यासाठी वापरले, आणि भांडण्यासाठीही.

माझ्या आईचे उदाहरण मात्र मला सरळ वाटत नाही. भिलाईत मल्याळी, तमिळ, तेलुगू, ओडिया ख्रिस्ती आपापल्या भाषेत उपासना करतात. मराठी घरे मोजकी, म्हणून आम्ही हिंदी मंडळीत. आईने साठ वर्षे हिंदीत प्रार्थना केली आणि मनातल्या मनात मराठीत. मग तिच्या नातवाने तिला फोनवर नगरच्या एका चर्चची उपासना लावून दिली. पेटी, तबला, टिळकांची गीते, आणि पाळकांचे अस्सल नगरी हेल. ती रडली. पुढच्या रविवारी तिने विचारले, "आज इकडच्या चर्चला जायलाच हवं का गं?" मला उत्तर सुचले नाही. तिला तिची भाषा परत मिळाली होती, आणि ती मिळताना तिचा शेजार तिच्या हातून सुटत होता. तिला सेक्टर ९च्या हॉस्पिटलात नेण्यासाठी रात्री अकराला स्कूटर काढणारे तेलुगू भाऊ त्या हिंदी चर्चमध्येच बसत. व्हॅटिकनने २००२ साली इंटरनेटविषयी एक निवेदन काढले होते. इंटरनेटवर संस्कारविधी होऊ शकत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी कॅथलिक नाही, पण त्यातली समज मला पटते. भाकरी मोडून हातात द्यावी लागते. स्कूटरही तशीच, दारात यावी लागते.

हे सगळे सोय-गैरसोयीचे प्रश्न झाले, आणि त्यांची उत्तरे माणूस परत्वे वेगळी निघतील. ज्या प्रश्नावर आमची कार्यकारिणी दोन महिने भांडली तो वेगळा होता. मी त्या कार्यकारिणीत आहे, आणि तो प्रश्न घोंगड्यांचा होता.

दर डिसेंबरात आम्ही नाताळच्या आधी सुपेल्याच्या बाजूच्या वस्त्यांत घोंगड्या वाटतो. तिथे कंत्राटी मजूर राहतात, भट्ट्यांच्या राखेत आणि स्लॅगमध्ये काम करणारे. आमचा तरुण सचिव चर्चचे फेसबुकचे पान आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप सांभाळतो. त्याने वाटपाचे सत्तरेक फोटो काढले. घोंगडी देणारे हात, घेणारे हात, आणि कॅमेऱ्याकडे बघणारी एक म्हातारी. ते पानावर टाकायचे की नाही? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "मॅडम, फोटो नहीं डालेंगे तो लोग क्या समझेंगे?"

हा प्रश्न उथळ नाही. प्रसिद्धीची हौस म्हणून तो झटकून टाकणे मला सोपे होते, पण त्याचे म्हणणे मी पुढे ऐकले. देणगीदार हिशेब मागतात. पुण्यात आणि परदेशात गेलेली आमची मुले पैसे पाठवतात, त्यांना घोंगडी पोचल्याचे दिसायला हवे. आणि खरे कारण त्याने शेवटी सांगितले. छत्तीसगढमध्ये एखादी मंडळी वस्तीत जाऊन काही वाटते, तेव्हा लोक विचारतात की बदल्यात काय घेता? जे काम उघड्यावर होते त्यावर कुजबुज कमी होते. दार लावून केलेले दान इथे संशयाला आमंत्रण देते. त्याच्या दृष्टीने फोटो ही मंडळीची ढाल होती.

गंमत अशी की आमच्या दोघांच्याही बाजूने शास्त्रवचन होते, आणि तेही एकाच प्रवचनातले. डोंगरावरील प्रवचनाच्या सुरुवातीलाच येशू शिष्यांना सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांना तुमची सत्कर्मे दिसू द्या. एक अध्याय उलटला, की तोच येशू सांगतो, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मत्तयाचा पाचवा अध्याय आणि सहावा अध्याय. सचिव पाचव्यावर उभा होता, मी सहाव्यावर. पाळकसाहेब मधे बसून चहा ढवळत होते.

या दोन अध्यायांची आठवण इथे, या गावात होणे योग्यच आहे. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. राजनांदगाव म्हणजे आमच्या दुर्गच्या अलीकडचे मोठे स्टेशन, तासाभराच्या आतले. डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. त्याने संस्कृत काव्याविषयी आस्थेने गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळकांनी रोज थोडे वाचायचे कबूल केले होते, म्हणून वाचत गेले. आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. हेच तीन अध्याय. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या डब्यातला प्रसंग आज घडला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्या प्रवाशाने सेल्फी काढला असता? नव्या करारासह बुद्धिमान ब्राह्मण कवी, पाठवा सगळ्यांना? किंवा समोरच्या बाकावरच्या कोणी गुपचूप चित्रफीत काढून दुसऱ्याच मथळ्याने पसरवली असती? टिळकांना त्या पुस्तकाबरोबर एकट्याने घालवायला जे महिने मिळाले, ते मिळाले असते असे मला वाटत नाही.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. २५ जुलै २०२५ रोजी त्याच लोहमार्गावरच्या दुर्ग स्टेशनात केरळच्या दोन कॅथलिक सिस्टर्सना आणि त्यांच्याबरोबरच्या एका तरुणाला अटक झाली. आरोप होता मानवी तस्करीचा आणि जबरदस्तीच्या धर्मांतराचा. त्यांच्याबरोबर नारायणपूर भागातल्या तरुण आदिवासी मुली होत्या. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने जामीन दिला. खटल्याचे काय ते न्यायालय ठरवेल, त्यात मी पडत नाही. मला आठवतात त्या आठवड्यात फोनवरून फिरलेल्या चित्रफिती. दोन्ही बाजूंचे लोक त्या एकमेकांना पाठवत होते, कोणी संतापाने, कोणी विजयाने, कोणी प्रार्थनेसाठी. आमच्या ग्रुपवरही आल्या, हात जोडल्याच्या चिन्हांसह. त्या मुली कामाच्या आशेने घरून निघाल्या होत्या आणि सगळ्या देशाचा पुरावा होऊन बसल्या. त्यांना कोणी विचारले होते?

तेव्हा मला पाचव्या अध्यायातला दिवा नीट दिसला, असे म्हणेन. येशूने दिव्याचे जे चित्र दिले आहे त्यात दिवा दिवठणीवर ठेवतात, आणि त्याचा उजेड घरातल्या सगळ्यांवर पडतो. दिवा स्वतःला दाखवण्यासाठी लावत नाहीत. त्याच्या उजेडात घरातल्यांना उंबरा दिसतो, ताट दिसते, आणि हरवलेले काही असेल तर सापडते. सहाव्या अध्यायात ज्याला येशू हटकतो तो माणूस मात्र दान देताना पुढे कर्णा वाजवतो. तिथे उजेड देणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे, आणि घेणाऱ्याला त्या उजेडात मान खाली घालून उभे राहावे लागते. दोन अध्यायांत विरोध आहे असे मग मला वाटेना. उजेड कोणावर पडतो आणि ज्याच्यावर पडतो त्याला तो हवा आहे का, एवढेच विचारायचे उरते.

सचिवाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग ढालीचं काय?" बरोबरच होते. मी लपवाछपवी सुचवत नव्हते. आम्ही ठरवले की पैशाचा हिशेब पूर्ण उघडा टाकायचा: किती घोंगड्या, कोणत्या दुकानातून, काय भावाने, पावतीच्या फोटोसह. कुठल्या वस्तीत, कुठल्या दिवशी, तेही. येऊन बघायचे असेल त्याने यावे. घेणाऱ्यांचे चेहरे मात्र नाहीत. म्हातारीचा फोटो त्याने काढून टाकला. आधी तो तिच्या मुलाच्या फोनवर पाठवला, कारण तिचा तो एवढाच चांगला फोटो होता म्हणे. देणगी कमी होईल या भीतीने एक सभासद शेवटपर्यंत विरोधात राहिले. त्यांचा अंदाज चुकीचा ठरलेला नाही, गेल्या वर्षी थोडी कमीच जमली.

चेहऱ्यांपेक्षाही अवघड निघाल्या प्रार्थनेच्या विनंत्या. चर्चच्या ग्रुपचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, असे मी आजही म्हणेन. कोणाला रक्त हवे असते, कोणाच्या अंत्यविधीची वेळ बदललेली असते, किंवा कोणाचा मुलगा नोकरी शोधत असतो. छत्तीसगढमध्ये सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे आणि त्या रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त लागते. आमच्या ग्रुपवर 'बी निगेटिव्ह, सेक्टर ९, तातडीने' असा निरोप पडला की तासाभरात दोन-तीन माणसे उभी राहतात. पूर्वी यासाठी सायकलवरून दारोदार जावे लागे.

पण त्याच ग्रुपवर एकदा एका बहिणीने कळवळून लिहिले की अमक्यांच्या मुलीला सिकलसेल निघाला आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. मुलीचे नाव, आडनाव, सगळे. शंभरावर लोकांनी आमेन लिहिले. मुलीचे लग्न ठरत आले होते. पुढे काय झाले ते सांगण्याची गरज नाही. आमच्याकडे हा आजार रक्ताच्या तपासण्यांबरोबर पत्रिकेतही बघतात. लिहिणारीच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकते. पूर्वी अशी विनंती बुधवारच्या प्रार्थनासभेत आठ-दहा बायकांसमोर पदर सावरत, अर्धवट सांगितली जाई. "एका घरात दुखणं आहे, देवाला नाव माहीत आहे." हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले, की मला ते टाळाटाळीचे वाटे. त्यात किती शहाणपण होते ते आता कळते. प्रार्थनेला नाव लागत नाही. रक्ताला गट लागतो आणि हॉस्पिटलचा पत्ता, तिथेही नाव लागत नाही.

आता नियम असा की नाव टाकायचे तर त्या माणसाने स्वतः टाकायचे, किंवा त्याला विचारून. नियम करणे सोपे. आमेनची इतकी सवय लागलेली असते की लोकांना न लिहिता राहवत नाही, आणि आमेन लिहिले की भेटायला जाण्याची निकड अर्धी संपते. व्हॅटिकनच्याच संपर्क विभागाने २०२३ साली समाजमाध्यमांवर एक चिंतन काढले, त्यात चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला आहे: वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला बघून पुढे जाणारे, आणि थांबणारा एक. पडद्यावर आपण सगळेच बघून पुढे जातो, अंगठा उचलून. मी हे कुणाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. ग्रुपमध्ये अडीचशे माणसे असताना प्रत्येक दुखण्यापाशी थांबणे कुणालाही अशक्य आहे. शोमरोन्याच्या वाटेवर एकच जखमी होता.

राहिली साक्ष. आमच्या पंथांत साक्षीला मोठे स्थान आहे: माझ्या आयुष्यात देवाने काय केले हे माणसाने मंडळीसमोर उभे राहून सांगायचे. समाजमाध्यमांना याहून आवडता मजकूर नाही. आधी-नंतरची गोष्ट, डोळ्यांत पाणी, दोन मिनिटांत. मला मात्र साक्ष म्हटले की लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा त्याच्याकडे गेल्यावरही आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. जातीपातीविषयीचे मन बदलले ते त्यांचे त्यांनी, आपल्या चालीने, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. ही सगळी कथा त्यांनी सांगितली ती 'स्मृतिचित्रे'मध्ये, तीसहून अधिक वर्षांनी. तोवर ती त्यांची झाली होती, तिच्यावर हसण्याइतकी. १८९५ सालीच कोणी त्यांच्या दारात फोन धरून उभे राहिले असते तर एका रडणाऱ्या बाईची चित्रफीत मिळाली असती, आणि मराठीतले एक थोर पुस्तक कदाचित मिळाले नसते.

टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. येशूच्या मागे चालणाऱ्याने आधी कुठली पाटी लावावी हा आग्रह त्यात नव्हता. चर्चचे फेसबुकचे पान असे होऊ शकते का, असा विचार मी कधीकधी करते. कुणीही यावे, वाचावे, गाणे ऐकावे, नाव न सांगता जावे. काही अंशी ते तसे आहेही. सचिव सांगतो, रात्री दोननंतर भजने ऐकणारे पुष्कळ असतात. रात्रपाळीवाले असतील, किंवा झोप न येणारे. कोण ते त्याला कळत नाही, आणि मला वाटते ते बरेच आहे.

या वर्षी ईस्टरला एका मुलीचा बाप्तिस्मा आहे. बावीस वर्षांची, इथे परिचारिकेचे शिक्षण घेणारी, घर बस्तरच्या वाटेवरच्या एका गावी. १९६८च्या कायद्यापासून अशा विधीची माहिती जिल्हा प्रशासनाला द्यावी लागते. पाळकसाहेब ते सगळे काटेकोर करतात, कागद तयार आहेत. पेच निराळा आहे. चेहरे टाकायचे नाहीत हा आमचा नियम तिला मान्य नाही. ती म्हणते, चेहरा माझा आहे, निर्णयही माझा आहे, आणि मी काही चोरी करत नाही. फोटो पानावर टाका. सचिवाने माझ्याकडे पाहिले. मी इतके दिवस ज्याच्या परवानगीचा आग्रह धरला होता, ती इथे हसत हसत दिली जात होती. ती सज्ञान आहे. तिला नाही म्हणण्याचा अधिकार मला कुठून आला?

पाळकसाहेबांनी तिला एवढेच विचारले की आईला कोण सांगणार, तू की फोन? ती बराच वेळ गप्प बसली. गेल्या सोमवारी ती सकाळच्या बसने गावी गेली. सचिवाने पानावर ईस्टरच्या उपासनेची वेळ टाकली आहे, तीन भाषांत, आणि पाळीवाल्यांसाठी संध्याकाळची दुसरी.